बर्फाआधीची फेरी

नोव्हेंबर लागला की ओनोसावातली म्हातारी माणसं तोकिकोची वाट बघू लागायची. तिचा पांढरा छोटा ट्रक देवळाच्या चढावर धापा टाकायला लागला की कुणीतरी खिडकीतून म्हणायचं, "आली बघ वीजवाल्यांची सून." तोकिको तेव्हा बासष्टीची होती. ज्यांची ती सून, ते सासू-सासरे जाऊन वीस वर्षं होत आली होती. स्वतःची मुलगी तिकडे साइतामात दोन लेकरांची आई होऊन बसली होती. तरी गावाच्या तोंडी ती सूनच राहिली.

ट्रकमध्ये असायच्या फळ्या. देवदाराच्या, मागच्या अंगाला रंगानं घरधन्याचं नाव लिहिलेल्या. शिवाय पत्र्याची छोटी छपरं, दोरांची भेंडोळी, शिडी, आणि रुमालात बांधलेले भाताचे दोन मुटके. प्रत्येक घरामागे एसीचा बाहेरचा डबा असतो. त्याला बर्फापासून राखायचं, एवढं तिचं काम.

यामागाताच्या त्या खोऱ्यात एसी कुणी गारव्यासाठी घेत नाही, उबेसाठी घेतात. पूर्वी घरोघर रॉकेलचे स्टोव्ह होते. पण रॉकेलचं भरलेलं डबडं अंगणातून आत आणणं ऐंशीच्या माणसाला झेपेना, आणि एका वर्षी खालच्या आळीतलं एक घर स्टोव्हनं जळालं. मग सेंदाईतल्या, तोक्योतल्या मुलांनी घाबरून आईबापांना एसी बसवून दिले आणि आपली काळजी मिटली असं समजून परत गेली. काळजी मिटली नव्हती, ती तोकिकोच्या ट्रकमध्ये येऊन बसली होती. त्या डब्याच्या तोंडावर बर्फ साचला की त्याचा श्वास कोंडतो आणि आत माणूस गारठतो. छपरावरचा बर्फ घसरून अंगावर आला तर डबाच चेपतो. म्हणून आडोसा करायचा, पण असा, की बर्फ अडेल आणि वारा खेळेल. लोकांना नेमकं हेच पटायचं नाही. कुणी डब्याला जुनी रजई गुंडाळायचं, कुणी निळं ताडपत्रीचं कापड करकचून बांधायचं, आणि मग "खोली तापत नाही गं" म्हणून फोन करायचं. देवळातला एकच एसी जुना, निव्वळ गारव्याचा होता. त्यालाही ती फक्त वरून एक फळी बांधायची, बाजू उघड्या ठेवायची. पूर्ण झाकलं की आत ओल धरते, गंज चढतो आणि उंदीर पिलं घालतात, हे तिनं पुजाऱ्यांना तेरा वर्षं सांगितलं होतं. पुजारी दर वर्षी नव्यानं ऐकायचे.

तेरा वर्षं म्हणजे तिचा नवरा शिगेयुकी पडल्यापासून. दुकान त्याचं, त्याच्या वडिलांपासूनचं. तोकिको गल्ल्यावर बसून दिवे आणि बॅटऱ्या विकायची. त्या वर्षी ऑक्टोबरात शिगेयुकी देवळाच्या आवारात शिडीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण हातातली काठी काही सुटली नाही. फळ्या कोण लावणार हा प्रश्न आला तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं त्याचे हातमोजे घातले. पहिल्या वर्षी तो ट्रकमध्ये काच खाली करून बसायचा आणि ओरडायचा.

"मागे वीतभर जागा सोड."

"सोडलीय."

"ती तुझी वीत झाली. माझी वीत सोड."

तिसऱ्या हिवाळ्यापासून त्याला ट्रकमध्ये बसणंही जड जाऊ लागलं. मग तो दुकानातच फोनपाशी वही घेऊन बसू लागला. कुठलं घर झालं, कुठलं राहिलं, कुणाची फळी तडकली, सगळं त्याच्या वहीत असायचं. तोकिकोच्या गाठींना त्यानं कधी चांगलं म्हटलं नाही. वाईट म्हणणंही चार-पाच वर्षांत बंद झालं होतं, त्यावरून तिनं काय ते समजून घेतलं.

सुरुवातीला चौसष्ट घरं होती. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी अडतीस उरली होती. जी घरं बंद झाली त्यांच्या फळ्या दुकानामागच्या खोपटात नावांसकट रचून ठेवलेल्या होत्या. त्या दुसऱ्यांना लावता यायच्या नाहीत. "गेलेल्या माणसाची फळी माझ्या भिंतीला नको बाई," असं तोंडावर सांगणारी माणसं होती. जाळायला तोकिकोचा हात धजायचा नाही. खोपटात शिरायला जागा नव्हती.

तिचा उजवा अंगठा बुडापाशी सुजलेला असायचा. आंघोळीचं फडकं पिळता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. तिनं मान डोलावली आणि निघताना दवाखान्याचं दारही डाव्या हातानं उघडलं. पण खरा थकवा अंगठ्यात नव्हता. सकाळी ट्रकची किल्ली फिरवण्याआधी ती काही वेळ नुसतीच बसून राहायची. समोर बघण्यासारखं काही नसायचं, खोपटाची भिंत होती. हल्ली तो वेळ वाढत चालला होता. एकदा फोनवर ती मुलीला म्हणाली, "मिचिरु, हा शेवटचा हिवाळा. मार्चमध्ये फळ्या काढल्या की बास."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगेन. त्यांच्याकडे त्या वहीशिवाय दुसरं आहे काय?"

सांगायचं राहिलं. फेरी सुरू झाली.

गावाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे रस्ता संपून देवदाराचं रान सुरू होतं, तिथे तामेकिची होरी एकटाच राहायचा. पंच्याऐंशीचा. आयुष्यभर माळीकाम केलेला. हिवाळ्याआधी झाडं बांधण्यात त्याचा हात धरणारा खोऱ्यात कुणी नव्हता. फांद्या दोरांनी वर खेचून घ्यायच्या, झुडपांना पेंढ्याच्या चटया गुंडाळायच्या. बायको गेल्यापासून तो कमी बोलायचा. एसी त्याच्या मुलानं चार वर्षांपूर्वी बसवला होता.

तोकिको तिथे पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि अजून चार घरं बाकी होती. मागच्या अंगणात गेली आणि उभीच राहिली. तामेकिचीनं डबा बांधून टाकला होता. खालपासून वरपर्यंत पेंढ्याची चटई, त्यावर काळ्या दोराच्या एकसारख्या गाठी, वर पेंढ्याची शेंडी. एखादं मौल्यवान झुडूप बांधावं तसं. गाठी इतक्या सुबक होत्या की सोडायला वाईट वाटावं.

"आजोबा, हे काय केलंत?"

"दिसत नाही? काम केलं तुझं." तो पायरीवर बसून मुळ्याचं लोणचं चावत होता. "जा आता पुढच्या घरी."

"अहो, हे काढावं लागेल. याला कोंडून चालत नाही. हे काही झाड नव्हे, याला श्वास घ्यायला लागतो."

तामेकिचीनं चावणं थांबवलं. "झाड श्वास घेत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

"तसं नाही..."

"सत्तर वर्षं झाडं बांधली मी. एक गुदमरलं नाही."

तोकिकोनं डोळे मिटून घेतले. इतर वेळी तिनं हसून समजावलं असतं, चहा घेतला असता. त्या दिवशी तिच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. "झाडं हिवाळाभर झोपतात आजोबा," ती म्हणाली, "हे हिवाळाभर राबतं. राबणाऱ्याला असं गुंडाळून ठेवत नाहीत." आणि तिनं खिशातली सुरी काढून दोर कापले. सोडवत बसली असती तर अर्धा तास गेला असता आणि अंगठा उरला नसता.

म्हातारा पायरीवरून उठला. कापलेले दोर त्यानं एकेक करून उचलले आणि हातावर गुंडाळू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "पुढे किती मोकळं लागतं याला?"

"पुढे हातभर. मागे वीतभर. बाजूलाही थोडं."

"हं."

तिनं पत्र्याचं छपर बसवलं. फळ्या लावायला घेतल्या तर वरची मोठी फळी मधोमध चिरलेली निघाली. तीच महत्त्वाची होती, कारण तामेकिचीच्या घराचं छपर नेमकं त्या बाजूला उतरतं आणि सगळा बर्फ डब्यावर येतो. ट्रकमध्ये जादा फळी नव्हती. खोपटात पन्नास होत्या, पण त्या गेलेल्यांच्या.

"पुढच्या आठवड्यात नवी आणते," ती म्हणाली. "तोवर बर्फ यायचा नाही."

"बरं," तामेकिची म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पाऊस लागला. त्याच्या पुढच्या आठवड्यात खालच्या आळीतल्या एका आजीचा फोन आला आणि तिकडे दोन दिवस गेले. वहीत तोकिकोनं सांगितलं म्हणून शिगेयुकीनं होरींच्या नावापुढे खूण करून टाकली होती, झालं म्हणून. चिरलेल्या फळीचं ती त्याला सांगायला विसरली होती. मग ती स्वतःही विसरली.

जानेवारीच्या मध्याला आभाळ फाटलं. तीन दिवस, तीन रात्री बर्फ पडत होता. चौथ्या दिवशी सकाळी दुकानाचं दार उघडलं तर समोर छातीएवढी भिंत. फोन सहापासून वाजत होता. शिगेयुकी एका कानाला फोन लावून लिहीत होता आणि दुसऱ्या हातानं तोकिकोला थांब, थांब अशी खूण करत होता.

"ओबानांकडे डबा थांबलाय म्हणतात. मी सांगितलं, दहा मिनिटं बघा, तो स्वतःवरचं गोठलेलं दव वितळवत असेल, मग सुरू होईल. खालच्या आळीतल्या मियो आजींनी गरम पाणी ओतलंय."

"पुन्हा?"

"किटलीभर. आता त्याचं सगळं बर्फाचं ढेकूळ झालंय. आधी तिकडे जा."

ती गेली. मियो आजी तीन स्वेटर घालून, कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी बसवलेल्या बुटक्या मेजाच्या रजईत गळ्यापर्यंत शिरून बसल्या होत्या. "अंघोळ घातली मी त्याला, म्हटलं बरं वाटेल," त्या म्हणाल्या. तोकिकोनं पाऊण तास गुडघ्यांवर बसून लाकडी पट्टीनं बर्फ फोडला, पात्यांना धक्का न लावता. डबा घरघरला तेव्हा आजींनी तिच्या हातावर सुकवलेल्या फळांची अख्खी माळ ठेवली. नाही म्हणण्याइतका वेळ नव्हता.

सहाव्या घराशी असताना शिगेयुकीचा फोन आला. "वरून होरी आजोबांचा फोन नाही. मी तीनदा लावला, उचलत नाहीत. तुझं काम पक्कं झालं होतं ना तिथलं?"

त्या क्षणी तोकिकोला ती फळी आठवली. फळी, तिच्यातली ती चीर, आणि 'बरं' म्हणणारा म्हातारा.

तिनं शिगेयुकीला काही सांगितलं नाही. "जाते," एवढंच म्हणाली. पण जायला रस्ता नव्हता. वरच्या वळणावर देवदार आडवा पडला होता, आणि पालिकेचं बर्फ सारणारं यंत्र आणि करवतवाली माणसं तिथे अडली होती. दोन तास ती ट्रकमध्ये बसून होती. हीटर चालू ठेवला की तिला लाज वाटायची, बंद केला की पाय बधिर व्हायचे. तीन दिवसांचा बर्फ. एकदा घसरला असेल तर डबा सपाट झाला असेल. डबा थांबला असेल तर काल संध्याकाळपासून खोली गार असेल. रॉकेलचा स्टोव्ह मुलानं नेऊन टाकला होता. हे सगळं ती हिशेबासारखं पुन्हापुन्हा मांडत होती आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. अखेर ती उतरली. यंत्रावरच्या माणसानं हाक मारली, "अहो मावशी, चालत कुठे निघालात?" ती थांबली नाही. पडलेल्या झाडाखालून वाकून गेली आणि मांडीएवढ्या बर्फातून फावडं टेकत चढू लागली. अर्धा मैलही नव्हतं. तिला पाऊण तास लागला.

घराच्या छपरावर बर्फ नव्हता. म्हणजे घसरला होता, सगळाच्या सगळा, मागच्या अंगाला. तोकिको भिंतीला धरून मागे गेली.

तिथे डबा चालू होता. त्याच्या डोक्यावर उतरतं छपर होतं, मनगटाएवढ्या देवदाराच्या वाशांचं, वर बांबू, त्यावर पेंढ्याच्या चटया दुहेरी, आणि काळ्या दोराच्या गाठी. वासे भिंतीला टेकवून असे तिरपे रोवले होते की घसरलेला बर्फ त्यावरून पुढे जाऊन दूर ढीग होऊन पडला होता. पुढे हातभर मोकळं, मागे वीतभर. तिचं पत्र्याचं छपर बाजूला भिंतीशी उभं करून ठेवलं होतं, चिरलेल्या फळीसकट.

तामेकिची डब्यासमोरचा भुरभुरा बर्फ झाडूनं सारत होता. पाठमोरा. कानावरून टोपी ओढलेली. फोन त्याला ऐकू येणंच शक्य नव्हतं.

"आजोबा," तिनं हाक मारली.

त्यानं वळून तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या वाटेकडे, जिथे फक्त तिच्याच पायांचे खड्डे होते. "चालत आलीस?"

"मी फळी आणणार होते," तोकिको म्हणाली. "विसरले."

"येणार म्हणालीस, आली नाहीस. मग मी केलं." त्यात टोमणा नव्हता. "मोजून घे हवं तर. हात तुझाच धरलाय, माझा लांब आहे."

ती काही मोजायला गेली नाही. आत येऊन उंबऱ्याशी बूट काढायला बसली आणि तिला उठता येईना. दुखत काहीच नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. तामेकिचीनं तिला ओढून कोतात्सूपाशी नेलं, पाय रजईखाली ढकलले, समोर अळकुड्यांचं गरम कालवण ठेवलं. तिनं दोन घास खाल्ले आणि बसल्या जागी आडवी झाली. पोरीचं लग्न झाल्यापासून ती दुसऱ्याच्या घरी झोपली नव्हती. त्या दुपारी ती दोन तास झोपली.

तामेकिचीनं दुकानात फोन लावला. हे तिला नंतर कळलं.

"तुझी बायको इथे झोपलीय," तो म्हणाला.

"झोपलीय? अहो, अजून नऊ घरं..."

"असतील. मी उठवणार नाही. आणि ऐक, हिचा अंगठा बघितलास का तू? मागच्या वर्षी दोर ओढताना बघितला मी. म्हणून यंदा स्वतःच बांधला होता डबा. तिनं कापून टाकला ते सोड, चूक माझीच होती. पण तू एका घरात राहतोस ना तिच्याबरोबर?"

शिगेयुकीनं फोन ठेवला आणि उरलेल्या नऊ घरांना स्वतः फोन केले. ज्यांना फावडं धरता येत होतं अशा शेजाऱ्यांना उठवलं. कुठून, किती, कसं सारायचं ते एकेकाला फोनवर सांगितलं. सात घरं तशी झाली. उरलेली दोन तोकिकोनं दुसऱ्या दिवशी केली.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर ती घरी पोचली. शिगेयुकीनं भात लावून ठेवला होता, पाणी जास्त झालेला. दोघं जेवली. मग तो म्हणाला, "मिचिरुनं मला डिसेंबरातच सांगितलं होतं."

"काय?"

"हा शेवटचा हिवाळा म्हणून."

तोकिकोनं वाटी खाली ठेवली. "मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." तो काठीच्या मुठीशी चाळा करत राहिला. "आणि खरं सांगू? वाटलं, विसरशील. मार्च येईल, बर्फ वितळेल, पुन्हा नोव्हेंबर येईल, तू जाशील. तू गेलीस की मला वही लिहायला मिळते."

तिला राग यायला हवा होता. राग येण्याइतकी ती उरलेली नव्हती. "मी थकलेय हो," ती म्हणाली. सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं असेल.

"हो," शिगेयुकी म्हणाला. "दिसतंय."

मार्चअखेर दुकान बंद झालं. पाटी उतरवायला गावातली चार माणसं आली. पाटीखालची भिंत पांढरीस्वच्छ निघाली. खोपटातल्या फळ्यांचं काय करायचं हे तामेकिचीनंच ठरवलं. त्यानं नावांची बाजू रंध्यानं तासून काढली आणि म्हणाला, आता या कुणाच्याच नाहीत. तासलेल्या फळ्या लोकांनी मुकाट्यानं घेतल्या.

सप्टेंबरात गावच्या सभागृहात दोघांनी मिळून लोकांना आडोसा बांधायला शिकवलं. तामेकिची गाठी दाखवायचा, तोकिको हातभर आणि वीतभर सांगायची. नऊजण आले, त्यातले दोन झोपले. मियो आजींनी विचारलं, "मग गरम पाणी कधी ओतायचं?" तरीही नोव्हेंबरात त्या नऊजणांपैकी सातांनी आपापले डबे आणि शेजारच्यांचे मिळून एकवीस बांधले. वाकडेतिकडे, पण वारा खेळेल असे. ज्यांना कुणीच नव्हतं अशी सहा घरं तोकिकोनं केली. रोज एक, मधल्या सुट्टीसह. तामेकिची काठी टेकत बरोबर यायचा आणि गाठी तोच मारायचा. फेब्रुवारीत त्याला छातीचं दुखणं झालं. मुलगा येऊन सेंदाईला घेऊन गेला. उन्हाळ्यात कळलं, तो तिकडेच वारला.

तोकिको आता आठवड्यातून तीन दिवस हमरस्त्यावरच्या भाजीच्या दुकानात बसून कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधते. बसून करायचं काम आहे, एवढं तिला पुरतं. परवा रेडिओवर पहिल्या बर्फाचा अंदाज सांगितला तेव्हा शिगेयुकी म्हणाला, "अगं, आपल्या घरामागचा डबा तसाच आहे. इतक्या वर्षांत तू आपल्या डब्याला एक फळी लावली नाहीस."

"माहितीय," ती म्हणाली. "वेळ कुठे होता?"

"मग आज लावू."

"उद्या लावू. आज मी बसणार आहे."

तो थोडा वेळ घुटमळला. मग काठी भिंतीला टेकवून तोही तिच्याशेजारी बसला.